ग्रेट म्हणायचं तरी कोणाला? (आकडेवाले, डोळेवाले, सगळे या)

शेवटची_ओव्हर

मेस्सी की रोनाल्डो, फेडरर की नदाल की जोकोविच, जॉर्डन की लेब्रॉन. हे वाद आता इतके घासून गुळगुळीत झालेत की समोरचा पुढे काय टाकणार ते आधीच माहीत असतं आणि तरी रात्री एक वाजता आपण उत्तर टाइप करत बसलेले असतो. भांडायला माझी ना नाही, पण एक गोष्ट बरेच दिवस डोक्यात आहे ती मांडतो. आपण निकष लावून खेळाडू निवडतच नाही. खेळाडू आधीच निवडलेला असतो, निकष मागाहून शोधून आणतो.

फेडररवाल्यांचंच बघा (मीही त्यातलाच, तेव्हा शिव्या जरा बेताने). जोपर्यंत तो यादीत वर होता तोपर्यंत "बोला, किती स्लॅम?" हा एकच प्रश्न. मग नदाल २२ वर गेला, जोकोविच २४ वर, फेडरर २० वर थांबला, आणि एकाएकी स्लॅम मोजणं हे अरसिकपणाचं लक्षण झालं, बॅकहँडचं सौंदर्य वगैरे सुरू झालं. अहो बॅकहँड आधीही तितकाच सुंदर होता की.

म्हणून म्हणतो आधी माप ठरवू, नावं नंतर. माझं माप असं: खेळाडू त्याच्याच काळातल्या दोन नंबरच्या माणसापासून किती लांब होता. बास. मग १९३० चा माणूस आज चालला असता का असले प्रश्नच उरत नाहीत. क्रिकेटमध्ये ब्रॅडमनची टेस्ट सरासरी ९९.९४, आणि त्याच्यानंतरचे मोठमोठे लोक साठ-एकसष्टच्या आसपास. आइस हॉकीत ग्रेट्झकीचे एनएचएल या लीगमध्ये २८५७ पॉइंट (गोल अधिक असिस्ट, म्हणजे गोलला दिलेले पास), त्यातले गोल सगळे काढून टाका, नुसते असिस्ट धरा, ते १९६३ होतात आणि तेवढे एकूण पॉइंटसुद्धा दुसऱ्या कोणाचे नाहीत. गोलांचा विक्रम ओवेच्किनने २०२५ ला मोडला तरी या गोष्टीला धक्का लागत नाही. स्क्वॉशमध्ये हेदर मॅके, १९६२ ते १९७७ लागोपाठ १६ ब्रिटिश ओपन, आणि सगळ्या करिअरमध्ये हरलेल्या मॅच दोन. दोन!

आता बोला.

सिली_पॉइंट

तुमच्या मापाने मग बॉब बीमन सगळ्यात ग्रेट धरायचा का? १९६८ मेक्सिको, लांब उडी, ८.९० मीटर. जुना विश्वविक्रम ८.३५ चा, म्हणजे ५५ सेंटिमीटरने मोडला, आणि तो जुना विक्रम ज्या दोघांच्या नावावर होता, बोस्टन आणि तेर-ओव्हानेस्यान, ते दोघंही त्याच फायनलमध्ये उडी मारत होते. दोन नंबरला ८.१९. एवढं अंतर तुम्हाला कुठे सापडणार? पण बीमन पुन्हा कधी त्या आकड्याच्या आसपासही गेला नाही. एका उडीचा माणूस.

आणि हो, विरळ हवा होती, पाठीमागचा वारा बरोब्बर सेकंदाला २.० मीटर होता म्हणजे नियमात बसणारा जास्तीत जास्त, हे सगळं मला माहितीये. पण विरळ हवा बाकीच्यांनाही तीच होती ना.

आकडेमोड

सिली_पॉइंट, म्हणूनच दोन मापं लागतात, शिखर किती उंच आणि किती वर्षं टिकला. एकावर भागत नाही. ब्योर्न बोर्गने ११ स्लॅम जिंकले, सहा फ्रेंच आणि लागोपाठ पाच विम्बल्डन, आणि पंचविशी-सव्विशीतच टेनिसमधून जवळपास बाहेर. दुसऱ्या टोकाला जेम्स अँडरसन, १८८ टेस्ट, ७०४ विकेट, निवृत्त झाला तेव्हा ४१ वर्षांचा, आणि तो फास्ट बोलर आहे हे लक्षात घ्या. त्याच्या सुरुवातीच्या वर्षांचे आकडे काढून बघा, कोणी म्हणालं नसतं हा इथवर येईल म्हणून. तिशीनंतर जास्त चांगला होत गेला. आता यातला ग्रेट कोण? मला विचाराल तर टिकणारा. शिखराला नशीब लागतं कधीकधी, वीस वर्षं टिकायला नशीब पुरत नाही.

जुना_भिडू

शेवटची_ओव्हर, तुझं माप वरवर छान दिसतं पण त्याला एक मोठं भोक आहे. दोन नंबरपासूनचं अंतर हे एक नंबरच्या मोठेपणावर जितकं अवलंबून असतं तितकंच बाकीचे किती कच्चे होते यावरही असतं. स्पर्धा जितकी दाट, तितकं वरचं अंतर कमी होत जाणार. बेसबॉलवाले हे फार आधीपासून सांगतात. टेड विल्यम्सने १९४१ ला .४०६ च्या बॅटिंग सरासरीचा सीझन केला, त्यानंतर अमेरिकन आणि नॅशनल लीगमध्ये कोणालाही पूर्ण सीझनमध्ये .४०० जमलेलं नाही. म्हणजे काय, त्यानंतर चांगले बॅटर जन्मालाच आले नाहीत? उलट सगळेच चांगले झाले, पिचर सुधारले, फिल्डिंग सुधारली, वरचं टोक आणि मधली गर्दी जवळ आली.

मॅकेबाई थोर, वादच नाही, पण त्या काळात जगभरात किती बायका पूर्ण वेळ स्क्वॉश खेळत होत्या तेही धरायला हवं. ब्रॅडमनच्या ५२ टेस्टपैकी ३७ एकट्या इंग्लंडविरुद्ध आहेत. आजचा बॅटर आठ-नऊ देशांच्या बोलिंगवर, सगळ्या प्रकारच्या पिचवर, व्हिडिओ बघून तयारी करून आलेल्या लोकांसमोर खेळतो.

शेवटची_ओव्हर

काका, मुद्दा पोचला. पण ब्रॅडमनच्या बाबतीत अंतर एवढं आहे की कितीही कापलं तरी उरतं. उघड्या पिचवर खेळला, हेल्मेट नाही, मधली महायुद्धाची वर्षं गेली, १९३८ नंतर पुढची टेस्ट थेट १९४६ ला. १९३२-३३ च्या बॉडीलाइन सिरीजमध्ये खास त्याला अडवायला म्हणून अंगावर बोलिंग केली आणि तिथेही त्याची सरासरी ५६.५७. म्हणजे त्याचं अपयश हे बाकीच्या महान लोकांचं करिअर झालं. शेवटच्या इनिंगमध्ये चार रन हवे होते शंभरच्या सरासरीला आणि शून्यावर गेला, ते एक माणूसपणाचं लक्षण म्हणून सोडून देऊ.

जुना_भिडू

ब्रॅडमनवर मी तुझ्याशी भांडतच नाहीये, तो अपवाद आहे. अपवादावरून माप बनवू नकोस एवढंच.

अलार्म_तीनचा

तुम्ही लोक एक्सेल शीट उघडून बसलाय. आकड्यातून कळतं कोण जिंकलं, कसं जिंकलं ते नाही कळत. २०१९ ची विम्बल्डन फायनल घ्या, पाचव्या सेटमध्ये ८-७, ४०-१५, फेडररची सर्व्हिस, दोन चॅम्पियनशिप पॉइंट. मी सोफ्यावर उभा होतो. पुढचं सगळ्यांना माहितीये. गंमत काय तर त्या पूर्ण मॅचमध्ये फेडररने २१८ पॉइंट जिंकले आणि जोकोविचने २०४. चौदा पॉइंट जास्त जिंकून माणूस हरला! तीन टायब्रेक झाले, तिन्ही जोकोविचचे. आणि १२-१२ ला टायब्रेक हा नियम त्याच वर्षी आणला होता विम्बल्डनने.

आता तुमचं कुठलं माप लावणार इथे? पॉइंट मोजले तर फेडरर चांगला खेळला. पण जोकोविचला जे जमतं ते वेगळंच आहे, बाकी चार तास तो अडखळेल, रॅकेटकडे बघून स्वतःशी बोलेल, पण जो पॉइंट हरला तर सगळं संपणार तो पॉइंट आला की माणूस एकदम चुकायचाच बंद होतो, चेंडू रेषेच्या आत, परत आत, परत आत, तूच काय ते चूक म्हणून समोरच्यावर सोडून देतो. मला तो कधीच आवडला नाही आणि त्या दिवसापासून अजूनच नाही. पण ग्रेट? हो. दात ओठ खाऊन हो.

आकडेमोड

एक्सेलवाला हजर आहे :) तुमचा मुद्दा आकड्यातूनच सिद्ध होतो बघा. फेडररने स्वतः २०२४ ला डार्टमथ कॉलेजच्या भाषणात सांगितलंय, १५२६ सिंगल्स मॅच खेळला, त्यातल्या जवळपास ८० टक्के जिंकल्या, आणि पॉइंट किती टक्के जिंकले? फक्त ५४. म्हणजे इतक्या मोठ्या माणसानेही जवळपास निम्मे पॉइंट गमावलेत. बाकी सगळा खेळ त्या चार टक्क्यांचा आणि ते चार टक्के नेमके कधी येतात त्याचा. फक्त एक, हे टेनिसमध्ये चालतं कारण तिथे स्कोअरिंगच तसं आहे. शंभर मीटरला "महत्त्वाचा पॉइंट" नसतो, बोल्ट ९.५८ म्हणजे ९.५८.

बेंचवरचा

टीम गेमचं काय करता ते सांगा. बास्केटबॉलमध्ये बिल रसेलच्या ११ चॅम्पियनशिप, जॉर्डनच्या ६. मग जॉर्डनवाले "६ फायनल, ६ विजय" म्हणून सुटतात, तीही एक चलाखी आहे बरं का, कारण ज्या वर्षी फायनलपर्यंत पोचलाच नाही ती वर्षं हिशोबातच येत नाहीत. फायनलला जाऊन हरणं हे आधीच्या राउंडला हरण्यापेक्षा वाईट कसं काय?

आणि मेस्सी. २०२२ पर्यंत "वर्ल्ड कप कुठाय?" हे पालुपद. मग लुसैलची फायनल, ३-३, एक्स्ट्रा टाइम संपत आलेला, १२३ वं मिनिट, फ्रान्सचा कोलो मुआनी अर्जेंटिनाच्या गोलकीपरसमोर एकटा. त्या गोलकीपरने, मार्टिनेझने, डावा पाय लांब केला आणि बॉल अडला. तो आत गेला असता तर? फ्रान्स चॅम्पियन, आणि आजही हजार लोक लिहीत असते की मेस्सी मॅराडोनाच्या पंगतीत बसत नाही. एका माणसाचं मोठेपण दुसऱ्या माणसाच्या पायावर ठरलं, मेस्सीचा त्यात हात नव्हता आणि पाय तर नव्हताच. त्या एका सेकंदाने त्याची ड्रिब्लिंग बदलली का, पास बदलले का? २०२२ च्या आधीही तो तोच होता. टीमच्या कपावरून एकट्याची उंची मोजणं बंद करा राव.

सिली_पॉइंट

+१. पण त्याच फायनलमध्ये मेस्सीने दोन गोल केले हेही लिही की. आणि एम्बापेने तीन, आणि तो हरला.

यष्टीमागून

बेंचवरचाने मार्टिनेझ काढला म्हणून बोलतो. आपल्या सगळ्या ग्रेटच्या याद्यांमध्ये गोल करणारे, रन काढणारे, पॉइंट मारणारेच असतात. बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, १९५६ पासून देतात, गोलकीपरला एकदाच मिळाला, लेव्ह याशिन, १९६३. गोलकीपर चुकला तर ते शंभर वेळा दाखवतात, आणि बरोबर जागी उभा राहिला म्हणून समोरच्याने शॉट मारलाच नाही तर ते कोणाच्या खात्यात जाणार? कुठल्याच. चांगल्या डिफेंडरचं निम्मं काम हे न घडलेल्या गोष्टी असतात, त्याचा आकडा कसा काढणार. मी स्वतः यष्टीमागे उभा राहायचो त्यामुळे दुखणं जुनं आहे.

फोरहँड_क्रॉसकोर्ट

एवढे प्रतिसाद झाले आणि मॅके सोडली तर एकही बाई नाही, तीही तिला कमी लेखायलाच काढली. बरं.

मार्टिना नवरातिलोव्हा, सिंगल्स १८, डबल्स ३१, मिक्स्ड १०, एकूण ५९ ग्रँड स्लॅम. अंतर हवंय ना? १९८८ ला श्टेफी ग्राफने चारही स्लॅम आणि वर सोलचं ऑलिंपिक गोल्ड एका वर्षात घेतलं, आणि त्या वर्षीची फ्रेंच फायनल ६-०, ६-०. सेरेनाने २०१७ ची ऑस्ट्रेलियन ओपन एकही सेट न गमावता जिंकली तेव्हा ती गरोदर होती. आणि व्हीलचेअर टेनिसमधली एस्थर व्हर्खेर, २००३ पासून २०१३ ला निवृत्त होईपर्यंत सिंगल्समध्ये लागोपाठ ४७० मॅच, एकही हार नाही. तुमच्या मापात ती कुठे बसते सांगा बघू.

पण मला खरं बोलायचंय ते मोनिका सेलेसबद्दल. १९९३ च्या सुरुवातीला, वय १९, तिच्याकडे आठ स्लॅम होते आणि एक नंबरला ती होती, ग्राफ नाही. एप्रिलमध्ये हॅम्बर्गला मॅच चालू असताना, कोर्ट बदलताना ती खुर्चीवर बसलेली, मागून एक माणूस आला आणि पाठीत सुरा मारला. तो ग्राफचा चाहता होता. ग्राफ परत एक नंबर व्हावी म्हणून. दोन वर्षांहून जास्त ती खेळलीच नाही, परत आली, १९९६ ची ऑस्ट्रेलियन ओपन जिंकलीसुद्धा, आणि नंतर एकही नाही. आता ग्राफचे २२ मोजायचे कसे? ग्राफचा काडीचा दोष नाही. पण दोन नंबरपासूनचं अंतर म्हणता तेव्हा ते अंतर एका फॅनने सुऱ्याने वाढवलेलं आहे, हे टेबलमध्ये कुठल्या कॉलमला लिहिणार?

शेवटची_ओव्हर

फोरहँड_क्रॉसकोर्ट, याला उत्तर नाहीये माझ्याकडे. व्हर्खेरबद्दल म्हणाल तर माझ्या मापाने ती पहिल्या पाचात येते आणि मी आकड्यापासून पळणार नाही. सेलेसबद्दल एवढंच की "जर-तर" धरायचं झालं तर सगळ्यांचंच धरावं लागेल, ब्रॅडमनची युद्धातली वर्षं, अलीची बंदीतली वर्षं. यादी मग कुठेच थांबत नाही.

अलार्म_तीनचा

अली निघाला ते बरं झालं. १९६७ ला सैन्यात जायला नकार दिला, टायटल काढून घेतलं, १९७० पर्यंत रिंगबाहेर. म्हणजे पंचविशी ते अठ्ठाविशी, बॉक्सरच्या पायांची सगळ्यात चांगली वर्षं. परत आला तेव्हा पाय पहिल्यासारखे नव्हते. मग १९७४ ला किन्शासात फोरमनसमोर दोरखंडाला टेकून मार खात राहिला, फोरमनचे हात दमवले आणि आठव्या राउंडला पाडला. पहिल्या अलीला हे करायची गरजच पडली नसती, तो नाचूनच निसटला असता. माझ्यासाठी ग्रेट तो. जे होतं ते गेल्यावर जे उरलंय त्यातून दुसरंच काहीतरी काढणारा.

जुना_भिडू

अलार्म, बरोबर बोललास. मला सचिनच्या कितीतरी शतकांपेक्षा सिडनीचे २४१ म्हणूनच जास्त आवडतात. जानेवारी २००४. सिरीजभर ऑफ स्टंपच्या बाहेरच्या बॉलवर जात होता, तर त्या इनिंगमध्ये कव्हर ड्राइव्हच बंद करून टाकला. ४३६ बॉल, नाबाद. बोलर बाहेर टाकतायत, टाकतायत, हा सोडून देतोय, शेवटी कंटाळून सरळ टाकावंच लागतं आणि सरळ टाकलं की लेगला. इतका हुकमी फटका हाताशी असून दिवसभर खिशातून बाहेर न काढणं, हे बघायला तसं कंटाळवाणंच आहे म्हणा. आमच्यातले काही जण मध्ये झोपले होते.

बेंचवरचा

पण माणूस म्हणून मोठा आणि खेळाडू म्हणून मोठा यांची सरमिसळ नको. अलीने नकार दिला ते धाडस मोठंच, पण त्याने त्याचा जॅब सुधारला नाही. नाहीतर उलटंही करावं लागेल, आवडत नसलेल्या माणसाचे रन कापायचे.

सिली_पॉइंट

डोपिंगवाल्याचे कापतातच की. सायकलिंगमध्ये आर्मस्ट्राँगची टूर द फ्रान्सची सातही विजेतेपदं २०१२ ला काढली, १९९९ ते २००५, आणि ती जागा दुसऱ्या कोणाला न देता रिकामीच ठेवली. रिकामी ठेवली यातच त्या काळाबद्दल सगळं आलं.

आकडेमोड

डोपिंग सोडा, कपड्यांचं बोला. २००९ ला रोमच्या पोहण्याच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला पॉलियुरेथेनचे स्विमसूट, आणि ४३ विश्वविक्रम एका स्पर्धेत. बीडरमानने २०० मीटर फ्रीस्टाइलला फेल्प्सला हरवलं, १:४२.०० चा विक्रम. पुढच्या वर्षीपासून ते सूट बंद. तो विक्रम मात्र यादीत राहिला आणि मग वर्षानुवर्षं चांगले चांगले पोहणारे त्याच्यामागे लागून दमले. म्हणून नुसत्या वेळेवरून काळाची तुलना करणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार.

यष्टीमागून

मोठ्या स्टेजवर करून दाखवलं तरच ग्रेट म्हणणाऱ्यांनी बुब्काचं काय ते सांगा. पोल व्हॉल्टचा विश्वविक्रम ३५ वेळा मोडला, इनडोअर आउटडोअर मिळून, एकेक सेंटिमीटरने, कारण प्रत्येक विक्रमाला बोनस होता (हुशार माणूस). ऑलिंपिक गोल्ड मात्र एकच, १९८८. बार्सिलोनाला १९९२ ला एकही उडी यशस्वी नाही. ऑलिंपिक चार वर्षांतून एक दुपार असते, तेवढ्यावर माणसाला पास-नापास करायचं?

फोरहँड_क्रॉसकोर्ट

त्यावरून जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स. टोकियो ऑलिंपिकमध्ये हवेत असताना आपण कुठे आहोत हेच कळेनासं झालं म्हणून टीम फायनलमधून बाहेर पडली, तर काय काय बोलले लोक तिला, सोफ्यावर बसून. मानेवर पडली असती तर तेच लोक श्रद्धांजली लिहीत बसले असते. पॅरिसला येऊन तीन गोल्ड घेतली. "दबाव झेलता आला नाही" म्हणणारे तेव्हा कुठे गेले देव जाणे.

शेवटची_ओव्हर

चला, एक प्रयोग करू, इथेच. नाव न सांगता दोघांचे टेस्टचे आकडे देतो. पहिला: ८०३२ रन, सरासरी ५७.७८, विकेट २३५, सरासरी ३४.०३. दुसरा: १३२८९ रन, सरासरी ५५.३७, विकेट २९२, सरासरी ३२.६५. कोण मोठा? आधी उत्तर, मग नाव.

आकडेमोड

दुसरा. आणि दोघंही ओळखले, सोबर्स आणि कॅलिस. नाव माहीत असूनही दुसराच म्हणतो.

जुना_भिडू

सोबर्स. एकच माणूस नव्या बॉलने फास्ट टाकायचा, मग डावखुरा स्पिन, मग मनगटाने, त्यामुळे कॅप्टनला एका जागेत तीन बोलर मिळायचे. हे तुझ्या दोन ओळीत कुठे दिसतंय?

अलार्म_तीनचा

कॅलिसची चूक एकच, तो कंटाळवाणा होता. लोकांना ग्रेटपणाबरोबर करमणूकही हवी असते आणि कॅलिसने ती कोणालाच दिली नाही, निवांत रन काढले, निवांत विकेट घेतल्या, स्लिपमध्ये निवांत कॅच घेतले.

आकडेमोड

मग करमणुकीसाठी वेगळी यादी करा ना. माझ्या टीममध्ये कॅलिस तीन नंबरला येतो आणि काकांना सोबर्स हवा असेल तर सहाला बसवा.

जुना_भिडू

सोबर्स सहालाच यायचा बऱ्याचदा. म्हणजे तू माझीच टीम निवडलीस.